जुना कर्नल, नवा जीसीसी आणि तीन वीकेंड

माझ्याकडे एक जुना एआरएम बोर्ड आहे, त्यावर लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) ३.४, म्हणजे २०१२चा. ड्रायव्हरमध्ये छोटासा बदल करायचा होता म्हणून सोर्स काढला, मेक (बिल्ड करायची कमांड) मारलं आणि पहिल्याच फाइलला अडलं. लिनक्स/कंपायलर-जीसीसी१०.एच सापडत नाही म्हणे. तेव्हाचा कर्नल जीसीसीच्या, म्हणजे कंपायलरच्या, मेजर नंबरवरून (१०.२ मधला १०) हेडर फाइलचं नाव बनवायचा, आणि सोर्समध्ये फक्त ३ आणि ४ च्या फाइली, कारण ५ तेव्हा आलेलंच नव्हतं.

यावर जो तो एकच सांगतो, ४ ची फाइल कॉपी करा आणि नावात १० टाका. मी केलं, गाडी पुढे गेली. पण मग ती फाइल उघडून नीट वाचली आणि पोटात गोळा आला. आतल्या अटी फक्त मायनर नंबर (टिंबानंतरचा) बघतात, ३ किंवा वर असेल तर हे, ५ किंवा वर असेल तर ते, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ४.३ आणि ४.५ होतं. माझा जीसीसी १०.२, म्हणजे त्या फाइलच्या लेखी मी ४.२ वापरतोय! बऱ्याच गोष्टी गुपचूप बंद, एरर एकही नाही. १०.१.० असता तर ४.१.० मधल्या बगसाठी लिहिलेली एरर आली असती. पुढे कर्नल ४.२ मध्ये या सगळ्या फाइली एकत्र करून पूर्ण व्हर्जन तपासायला लागले, करायचंच तर तसं करा, नुसती कॉपी नको.

मग टाइमकॉन्स्ट.पीएल पडलं, ही बिल्डमध्ये चालणारी पर्ल स्क्रिप्ट. त्याचा कंपायलरशी काही संबंधच नाही, नव्या पर्लला ॲरेवर डिफाइन्ड चालत नाही, तेवढं काढलं की झालं. मग डीटीसी (डिव्हाइस ट्री कंपायलर, बिल्डमधलं एक छोटं टूल) लिंक होताना वायवायलॉक दोनदा डिफाइन झालंय म्हणून ओरड, कारण जीसीसी १० पासून नो-कॉमन डीफॉल्ट आहे, म्हणजे एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत असलेलं चालत नाही. डीटीसीच्या लेक्सर फाइलमधल्या त्या डेक्लरेशनला एक्स्टर्न लावलं. मग रिटर्न ॲड्रेस नावाचं फंक्शन दोनदा डिफाइन झाल्याची एरर. हे जरा खोल आहे, जीसीसी ५ ने सी भाषेचं डीफॉल्ट स्टँडर्ड जीएनयू८९ वरून जीएनयू११ केलं आणि त्यात एक्स्टर्न इनलाइनचा अर्थ चक्क उलटा होतो, प्रत्येक फाइलमध्ये फंक्शनची वेगळी कॉपी बनते. कर्नल ३.१८ ने मेकफाइलमध्ये जीएनयू८९ स्पष्ट लिहिलं, तीच ओळ मी इकडे आणली.

शेवटी इमेज बनली. बोर्डवर टाकली, सिरियल कन्सोलवर 'बूटिंग द कर्नल' आलं आणि पुढे काही नाही.

आता इथे शोधत बसायचं की थांबायचं? मी थांबलो. कंपायलर नियमात बसून काय काय काढून टाकू शकतो हे २००९ मध्ये कर्नलच्या टन (TUN) या व्हर्च्युअल नेटवर्क ड्रायव्हरने दाखवलंय, पॉइंटर आधी वापरला आणि तो नल (रिकामा) आहे का ते नंतर तपासलं, तर जीसीसीने ती तपासणीच उडवली आणि सिक्युरिटी होल झालं. ३.४ च्या कोडमध्ये असं अजून कुठे काय असेल ते कोण शोधणार, आणि १० बरोबर तो कोड तेव्हा कोणी चालवून बघितलेलाच नाही.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी पहिल्या दिवशीच यायला हवी होती. टाइमकॉन्स्ट आणि डीटीसी हे बिल्ड करणाऱ्या मशीनवर (होस्टवर) चालतात, बोर्डवर जातच नाहीत. तिथे नवा जीसीसी असू दे, फिक्स मारा, बिघडलं तर बिल्डच पडेल, लगेच कळेल. पण जे बोर्डवर जाणार ते क्रॉस कंपायलरमधून (होस्टवर बसून बोर्डसाठी कोड बनवणारा) येतं, आणि तो जुनाच हवा. जीसीसी ४.९ चा टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरेंचा संच) आणला, हेडरची कॉपी आणि जीएनयू८९ ची ओळ दोन्ही काढली, कॉन्फिग बाजूला ठेवून एमआरप्रॉपर केलं, म्हणजे आधीचं बिल्ड पूर्ण साफ केलं (हे विसरू नका, जुन्या ऑब्जेक्ट फाइली मिसळल्या की डोकं फिरतं), तोच कॉन्फिग परत टाकला, क्रॉस कंपाइल या सेटिंगला नव्या टूलचेनचा प्रीफिक्स दिला आणि होस्टकडचे दोन फिक्स तसेच ठेवले.

पहिल्या फटक्यात बूट झाला. बोर्डवर प्रॉक व्हर्जन (चालू कर्नल कशाने बनला ते सांगणारी फाइल) बघितलं, जीसीसी ४.९ दिसतंय. ड्रायव्हरमधला बदल सहा ओळींचा होता, तोही चालतोय. टूलचेनचा टारबॉल आता सोर्सच्या शेजारीच ठेवलाय, कॉन्फिगसकट.