ॲडव्हान्स्डनंतर काय? लॉगबुकने दिलेला कौल

पावसाळा लागला. मालवण-तारकर्लीच्या बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेटही बंद. ऑक्टोबरपर्यंत स्कूबा डायव्हिंगसाठी पाण्यात जायचं तर फक्त स्विमिंग पूल. त्यामुळे यंदाच्या सीझनचा हिशेब मांडायला निवांत वेळ आहे. प्रश्न गेल्या वर्षीचाच: पुढचा कोर्स कोणता करायचा, आणि मुळात करायचाच का?

आधी सध्याची स्थिती. हातात पाडी या प्रशिक्षण संस्थेचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटरचं कार्ड आहे. बहुतेक डाइव्ह नेत्राणी आणि मालवणच्या, थोड्या गोव्यात ग्रांदे बेटापाशी, आणि अंदमानात हॅवलॉकला. वजनाचा पट्टा हलका झालाय, पाय खाली लोंबायचे ते आता बऱ्यापैकी आडवे राहतात.

ॲडव्हान्स्ड या नावाबद्दल नव्या लोकांची फार लवकर फसगत होते, म्हणून थोडं सांगतो. पाच डाइव्ह, त्यात डीप आणि नॅव्हिगेशन सक्तीच्या, उरलेल्या तीन आवडीच्या. म्हणजे फराळाच्या ताटातला एकेक घास चाखून बघणं. पोट भरत नाही, काय आवडतं ते कळतं. खोलीची मर्यादा १८ मीटरवरून ३० वर जाते, हा खरा फायदा. एसएसआय या दुसऱ्या संस्थेत याच धर्तीच्या कोर्सला ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर म्हणतात. त्यांचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर म्हणजे चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे वेगळे कोर्स) आणि २४ डाइव्ह, ते वजनदार प्रकरण आहे. दोन कार्डं शेजारी ठेवून तुलना करताना हे लक्षात असू द्या. आणखी एक मजेची गोष्ट: डायव्हर प्रशिक्षणाच्या आयएसओ २४८०१ मानकात तीनच पायऱ्या आहेत. देखरेखीखाली डाइव्ह करणारा, स्वतंत्रपणे करणारा आणि इतरांना घेऊन जाणारा. ओपन वॉटर, म्हणजे सुरुवातीचा कोर्स, दुसऱ्या पायरीवर, डाइव्हमास्टर तिसऱ्या. मधल्या जागेत आपण जी कार्डं गोळा करतो, त्यांना त्या मानकात वेगळी पायरीच नाही.

म्हणून मास्टर स्कूबा डायव्हर मी यादीतून लगेच काढून टाकलं. रेस्क्यू (अडचणीतल्या डायव्हरला वाचवण्याचा कोर्स), पाच स्पेशालिटी आणि ५० डाइव्ह झाल्या की अर्ज करून मिळणारी ती पदवी आहे, त्यात स्वतंत्र शिक्षण काही नाही. ज्यांना हवी त्यांनी जरूर घ्यावी, मी तेवढ्या पैशात अंदमानला जाईन. डाइव्हमास्टरही नाही. मला नोकरी करायची नाही आणि दुसऱ्यांच्या टाक्या वाहायची तर अजिबातच हौस नाही.

राहिले तीन: डीप, नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त, नायट्रोजन कमी असलेलं मिश्रण) आणि रेस्क्यू. इथे लॉगबुक, म्हणजे प्रत्येक डाइव्हची नोंदवही, कामाला आलं.

गेल्या सीझनला माझा पृष्ठभागावरचा हवेचा खप मिनिटाला २० लिटरच्या आसपास होता. ११ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, २०० बार भरलेली, ५० बार राखीव. म्हणजे वापरायला १६५० लिटर. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणून खप चौपट, ८० लिटर, म्हणजे जेमतेम २० मिनिटं. पाडीच्या तक्त्यात ३० मीटरवर नो-डेको मर्यादाही (अंगात मुरलेल्या नायट्रोजनमुळे वर येताना सक्तीने थांबावं न लागता तिथे राहता येणारा वेळ) २० मिनिटंच. दोन्ही गोष्टी एकदमच संपत होत्या, त्यामुळे नायट्रॉक्स घेऊन पहिल्या डाइव्हला फार काही पदरात पडलं नसतं. वेळ मिळाला असता, पण श्वास घ्यायला हवा कुठून आणणार?

या सीझनला तोच आकडा १६ वर आलाय. जादू काही नाही: वजन कमी, हात स्थिर, फिनची किक सावकाश, आणि मासा दिसला की त्याच्यामागे न धावणं. आता ३० मीटरवर खप ६४ लिटर, म्हणजे साधारण २५ मिनिटं. टाकीत हवा आहे आणि वेळ-खोलीचा हिशेब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर मात्र वर चला म्हणतोय, अशी वेळ हॅवलॉकला जॉनीज गॉर्जवर येऊ लागली. ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर ३० मीटर म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबाने हवेवरचे २५ मीटरच्या आत, तिथे मर्यादा २९ मिनिटं. आता नायट्रॉक्सचा अर्थ लागतो. त्यात दिवसाला तीन-तीन डाइव्ह, सलग काही दिवस असतील, तर दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला फरक आणखी जाणवतो.

गैरसमज एकच असतो, तोही उलटा. नायट्रॉक्सने जास्त खोल जाता येत नाही. ऑक्सिजनच्या दाबाची १.४ बारची मर्यादा धरली तर ३२ टक्क्यांवर ३३ मीटर, ३६ टक्क्यांवर २८. आपली टाकी आपणच ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरवर तपासायची, टक्केवारी आणि खोली चिकटपट्टीवर लिहायची, त्यात आळस नको. कोर्स एका दिवसात उरकतो. तिकीट काढण्याआधी त्या सेंटरला नायट्रॉक्स भरून मिळतं का, एवढं मात्र विचारून घ्या.

डीप स्पेशालिटी ४० मीटरपर्यंत नेते. ४० ला दाब ५ बार, माझ्या खपाने मिनिटाला ८० लिटर, आणि नो-डेको वेळ दहा मिनिटांच्याही आत. मी जिथे डाइव्ह करतो तिथलं बघण्यासारखं बहुतेक सगळं त्याच्या वरच आहे. नेत्राणीचा रीफ तर कितीतरी उथळ. हॅवलॉकजवळच्या डिक्सन्स पिनॅकल या पाण्याखालच्या सुळक्याचा पायथा ३० च्या खाली जातो, पण सॉफ्ट कोरल आणि माशांची गर्दी माथ्याशीच असते. एका टाकीवर, पोनी बॉटल (आणीबाणीची छोटी टाकी) न घेता, ४० ला जाण्यात मला रस नाही. नारकोसिसची (खोलवर नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीची) झलक ॲडव्हान्स्डच्या डीप डाइव्हला मिळाली तेवढी पुरे.

रेस्क्यूबद्दल मात्र मन पक्कं आहे. आपल्याकडे बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, बऱ्याचदा बोटीवरच ठरतो, आदल्या रात्रीच्या बसने आलेला, वर्षभराने पाण्यात उतरणारा. त्याने पृष्ठभागावर घाबरून माझा रेग्युलेटर (तोंडात धरायचं श्वासाचं उपकरण) ओढला तर काय करायचं, हे मला पुस्तकातून माहीत आहे, हातांना माहीत नाही. बेशुद्ध डायव्हरला तळातून वर आणणं, पाण्यातच श्वास देत देत त्याचं बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) उतरवत बोटीकडे ओढणं, हे वारंवार केल्याशिवाय अंगात भिनत नाही. प्राथमिक उपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण २४ महिन्यांच्या आतलं लागतं, ते पुण्यातच पावसाळ्यात उरकून घेतोय.

तर क्रम असा: नोव्हेंबरात पश्चिम किनाऱ्यावर रेस्क्यू, हिवाळ्यात अंदमानच्या सहलीतच नायट्रॉक्स. तोवर दर रविवारी पूलमध्ये तळापासून हातभर वर, हात न हलवता तरंगत राहण्याचा सराव.

एक गोष्ट अजून अडलीय. आपल्या मच्छीमार बोटींना मागे पायरी नसते, कठडा पाण्यापासून चांगला उंच. तिथे गिअर काढलेला, हालचाल न करणारा माणूस वर कसा घ्यायचा, हे काही सेंटरवाले फक्त तोंडी सांगून मोकळे होतात असं ऐकलंय. ज्यांनी तारकर्ली किंवा मुरुडेश्वरला रेस्क्यू केलंय त्यांनी सांगा, हा भाग तुमच्याकडून खऱ्या बोटीवर करून घेतला का? पैसे भरण्याआधी मी हेच विचारणार आहे.