राजापूरची कातळशिल्पं: आधी उन्हाचा हिशेब

कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर खोदलेली प्राचीन चित्रं, पाहायला कशेळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि बारसू असा एका दिवसाचा क्रम लावला होता. पहिलं आणि शेवटचं ठिकाण नीट दिसलं, मधली दोन अर्धीमुर्धी. कारण ऊन. कातळात खोदलेली रेघ बोट-दोन बोटं रुंद, खोलीही फार नाही. सूर्य डोक्यावर आला की तिच्यात सावली पडत नाही आणि जांभ्याच्या खडबडीत पाठीत ती हरवून जाते. म्हणून सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर पोचा. एका दिवसात दोनच ठिकाणं घ्या.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, उभ्याने एका नजरेत मावत नाही. कडेकडेने पूर्ण फेरी मारा. आधी पाय आणि सोंड शोधा, मग त्या रेघांच्या आत कोरलेले छोटे प्राणी. कोकणातल्या या शिल्पांत आज इथे न सापडणारा गेंडाही आहे, शेतीचं चित्र मात्र नाही. म्हणूनच अभ्यासक ती शेतीपूर्व काळातली मानतात.

देवाचे गोठणे इथे मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, फोनमधलीही. दिशा टिपायची तर लांबूनच टिपून घ्या.

चित्र पाहून लगेच गाडीत बसू नका. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दोनशे पावलं चाला. पाणी साचणारे खळगे कुठे, उतार कुठे सुरू होतो, खाली झरा आहे का, हे पाहिल्याशिवाय माणसं इथे का थांबली असतील याचा अंदाज येत नाही. गारगोटीचे छिलके, म्हणजे दगडी हत्यारं घडवताना उडालेले तुकडे, दिसले तर उचलू नका. शेजारी पेन ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा. छिलका जागेवरून हलला की त्याचा निम्मा पुरावा गेला. आसपास चिऱ्याच्या खाणी दिसतील. सडा कापला की चित्रासकट हा सगळा संदर्भ जातो, आणि तो परत आणता येत नाही.

रेघांत खडू किंवा चुना भरू नका, जांभ्याच्या छिद्रांतून तो निघत नाही. त्याऐवजी संध्याकाळी टॉर्च जमिनीला टेकवून आडवा प्रकाश टाका, रेघ आपोआप उठून दिसते.

पावसाळ्यात शेवाळावर पाय घसरतो, ऑक्टोबरात गवत चित्र झाकतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सड्यावर सावली नसते, माणशी तीन लिटर पाणी घ्या. बऱ्याच जागा खाजगी आहेत, वाडीत विचारून मगच वर चढा.