गिरणीवाले आप्पा

माणूस गेला की चौकात फ्लेक्स लागतो. वर फोटो, खाली शोकाकुल परिवार, आणि मध्ये तीच तीन विशेषणं: प्रेमळ पती, कर्तव्यदक्ष पिता, सचोटीचे व्यावसायिक. किराणावाला गेला तरी हीच, सोनार गेला तरी हीच. मजकूर फ्लेक्सवाल्याकडे तयारच असतो. त्यात खोटं काही नसतं, पण कळतही काही नाही. गेलेला माणूस पिठाच्या गिरणीचा मालक असेल तर मात्र जरा नीट सांगता येतं. गिरणी काही लपू देत नाही.

खानदेशातल्या कुठल्याही मध्यम गावातली गिरणी घ्या. कुरुंदाचे दोन दगड, एक स्थिर, एक फिरता. बाजूला दहा हॉर्सपॉवरची मोटर, मधे पट्टा, बाहेर डब्यांची रांग. 'आप्पा, मना डबा कव्हय व्हई?' हे दिवसभर चालू. डबा म्हणजे पंधरा किलो तेलाचा. त्यात ज्वारी मात्र बारा किलोच्या आसपासच मावते, आणि 'पंधरा किलो टाकली होती' म्हणून भांडणारं कुणी ना कुणी येतंच. आप्पा वाद घालत नाहीत, काट्यावर ठेवतात. दळायच्या आधी एकदा, दळल्यावर एकदा. डब्यामागे शे-सव्वाशे ग्रॅम कमी भरणारच, कारण तेवढं पीठ भिंतींवर, जळमटांवर आणि आप्पांच्या भुवयांवर बसलेलं असतं. त्याहून जास्त तूट आली तर एक तर पीठ पडतं तिथली कापडी बाही फाटलीय, नाहीतर कुणाचा हात लागलाय. सचोटी इथे ग्रॅममध्ये मोजता येते.

खरी कारागिरी दोन दगडांमधल्या फटीत. नळीखाली पालथा हात धरायचा. पीठ कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर दगड फार आवळलेत. असं तापलेलं पीठ दिसायला बारीक, पण त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. थापताना भाकरीच्या कडा फाटतात, तव्यावर टाकताना ती तुटते, आणि घरची बाई बोल लावते दादर ज्वारीला. दगड सैल सोडले तर कणी राहते, ती दाताखाली येते. आणि वरची पेटी रिकामी पडू द्यायची नाही. दाणा संपला की दगडावर दगड घासतो, आवाज चिरका होतो, दगडाची कच पिठात उतरते. म्हणून आप्पा राजकारणावर कितीही रंगात येऊन बोलत असले तरी आवाज बदलला की वाक्य अर्ध्यात सोडून उठतात. पेटीच्या तोंडाशी एक लोहचुंबक बसवलेलं असतं. त्याला रोज संध्याकाळी चिकटलेल्या टाचण्या, चुका, पत्र्याचे तुकडे पाहिले की आपण काय काय खाल्लं असतं ते कळतं.

दळणाला क्रम असतो. आधी गहू, मग ज्वारी, मग बाजरी. बाजरीमागे गहू दळला तर पोळ्या काळपट होतात आणि तक्रार तासाभरात दारात. कळणा, म्हणजे भाकरीचं मिश्र पीठ, सगळ्यांत शेवटी: चार भाग ज्वारी, एक भाग अख्खे काळे उडीद आणि त्यातच खडे मीठ. उडदाची साल दगडाला धरून बसते, मीठ ओल खेचतं, म्हणून कळण्यानंतर पसाभर ज्वारी घालून दगड साफ करायचे. भरीत-कळण्याच्या भाकरीचं कौतुक करणाऱ्यांना हा पसाभर हिशेब माहीत नसतो. तो आप्पांच्या खिशातून जातो.

चालती गिरणी असेल तर आठ-पंधरा दिवसांनी दगड चोपडे पडतात. मग ते उघडून टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने खाचा मारायच्या. खाचा मधल्या भोकाशी खोल आणि कडेकडे उथळ जायला हव्यात. सगळीकडे सारख्या मारल्या तर दाणा नीट बाहेर सरकत नाही आणि पीठ तापतं. टाकी लावल्यावर पहिले दोन-तीन किलो घरच्या दाण्याचे दळून बाजूला टाकायचे, कारण त्यात कच असते. ज्याच्या गिरणीत हे पहिलं दळण गिऱ्हाइकाच्या डब्यात जातं, त्याच्या फ्लेक्सवर काहीही छापा.

आता प्रेमळ पती. 2005 च्या आसपास खेड्यांत बारा-बारा तास भारनियमन असायचं. थ्री फेज रात्री यायची, तेव्हा गिरणीही रात्रीच. काकू उठून डबे पुढे सरकवायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. पट्ट्याला लोखंडी जाळी बसली ती त्या आत वावरू लागल्या तेव्हा, कारण फिरत्या पट्ट्याला पदर नुसता शिवला तरी पुरे. गिऱ्हाइकांचे पदर आधीही तिथेच होते, पण ते असो. पिठाची धूळ छातीत बसते म्हणून नाकाला ओला रुमाल बांधायचा नेम काकूंनी लावला. आप्पांनी तो त्यांच्यासमोर तरी पाळला.

आणि पिता. घर गिरणीला लागून. मुलीची दहावी मार्चमध्ये, आणि मार्च म्हणजे नेमका बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, भरडीचा हंगाम. संध्याकाळी सातनंतर मोटर बंद. गिऱ्हाईक पलीकडच्या गिरणीत गेलं, त्यातलं काही परत आलं नाही. मुलाला मात्र पट्ट्याजवळ बरीच वर्षं येऊ दिलं नाही. आधी बाहेर बसून आवाज ओळखायचा, मग चिमटीत पीठ घेऊन ज्वारी की बाजरी सांगायचं, चाकाला हात त्यानंतर.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा आठवडा सगळ्यांत अवघड. मांड्यांचा गहू बायका ओलवून, दडपून, सावलीत वाळवून आणतात, आणि घाईत निम्म्या जणींचा दमटच असतो. दमट गव्हाने दगड लिंपले जातात, मग उघडून खरवडल्याशिवाय इलाज नाही. आप्पा प्रत्येक डब्यातला दाणा दाताखाली धरायचे. कट्‌ वाजला तर घ्यायचे, दबला तर परत. यंदा घरात आखाजीची पितरांची घागर त्यांच्या नावाची. घागरीवर खरबूज, सांजोरी, आंबे, चुलीत आगारी, म्हणजे पितरांसाठी टाकलेला घास. पण त्याच आठवड्यात बाहेर डब्यांची रांग असते आणि दाणा चावायला मुलगा बसतो.

'आप्पांसारखं पीठ येत नाही' हे आता दोन-तीन महिने ऐकावं लागणार. त्यातलं निम्मं खरंही असतं. माणूस गेल्यावर गिरणी बंद असते, त्या दिवसांत दगड उघडलेले नसतात. टाकी लावावी, फट नव्याने जुळवावी, पहिलं दळण गुरांना घालावं. निम्म्या तक्रारी जातात. उरलेल्या ऐकून घ्यायच्या आणि पुढचा डबा घ्यायचा.