जिन्यावरची पावलं

23 ऑक्टोबर 2022, रविवार

उद्या पहिली अंघोळ. रुग्णालयातली रात्रपाळी करून सकाळी आले, चार तास झोपले आणि उठून चकलीचं पीठ भिजवलं. तेल तापेपर्यंत परसात डोकावले तर शेजारचे आजोबा कुंपणाला टेकून उभे. काय झालं विचारलं, तर नुसती चार बोटं दाखवली. फुटबॉलच्या सामन्यात वॉटफर्डनं चार गोल घातले, आमचा एकही नाही. वॉटफर्ड म्हणजे इथून जेमतेम पंधरा-वीस मैलांवरचं गाव, जन्माचं वैर. हरायचं तर कुणाकडूनही हरावं, त्यांच्याकडून नको, असं इंग्लंडमधल्या या लुटन गावात शेंबडं पोरही सांगेल.

‘आमचा’ असं लिहून गेले. या गावात येऊन मला दीड वर्षच झालंय. पण माझी खोली जिथे आहे, तिथे राहून या क्लबपासून लांब राहताच येत नाही. केनिलवर्थ रोडचं मैदान 1905 सालचं, चहूबाजूंनी घरांनी वेढलेलं. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांचं दार ओक रोडवर, घरांच्या रांगेच्या मधोमध आहे. खालच्या मजल्यावर दिवाणखाना असायचा तिथे तिकीट दाखवायचं फाटक, आणि वरच्या मजल्यावर लोक राहतात. फाटकातून आत गेलं की लोखंडी जिना लागतो. तो लोकांच्या परसांवरून, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या वरून स्टँडमध्ये जातो. माझी मागची खिडकी त्या जिन्याकडे आहे.

रात्रपाळीनंतर शनिवारी झोप लागत नाही ती या जिन्यामुळे. तरी एक गोष्ट शिकले. सामना संपल्यावर ती माणसं गात, पाय आपटत उतरली की आम्ही हरलो. नुसती पावलंच वाजली, तर जिंकलो. डोळे न उघडता निकाल कळतो.

17 नोव्हेंबर 2022, गुरुवार

आमचे प्रशिक्षक नेथन जोन्स मागच्या आठवड्यात साउदॅम्प्टनला गेले. वरच्या लीगमधल्या क्लबनं बोलावलं की कोण थांबतं? त्यांच्या जागी आज रॉब एडवर्ड्स आले. गंमत नाही, खरंच: हे गृहस्थ सप्टेंबरपर्यंत वॉटफर्डचे प्रशिक्षक होते. दहा लीग सामन्यांतच वॉटफर्डनं त्यांना काढून टाकलं. आजोबांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, ज्याला त्यांनी नीट वागवलं नाही, त्याला आपण नीट वागवू.

रात्री आबांना फोन केला. सगळं सांगितलं, मैदान घरांच्या मधोमध आहे हेही पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, “म्हंजे आपल्या पेठेगतच की गं. खेळणारा पोरगा कुणाचा, हे गल्लीला ठावं असतंय.” आबा कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की आमच्या घरात त्या दिवशी चूल उशिरा पेटायची. लहानपणी मला वाटायचं, फुटबॉल हा कोल्हापूरचाच खेळ आहे.

15 जानेवारी 2023, रविवार

संक्रांत. आजोबांना तिळगूळ नेऊन दिला. ‘गोड बोला’चा अर्थ सांगितला तर त्यांनी चहा केला आणि तीन तास बोलत बसले. हे सगळं लिहून ठेवावं म्हणून आज उशिरापर्यंत जागी आहे.

ते व्हॉक्सहॉलच्या कारखान्यात होते. त्यांचे वडील आधी हॅटच्या कारखान्यात. हे गाव गवताच्या टोप्यांचं, म्हणूनच क्लबला हॅटर्स म्हणतात. 24 एप्रिल 1988 ला आजोबा लंडनच्या वेम्ब्ली मैदानात होते. लीग कपचा अंतिम सामना, समोर आर्सेनल. आर्सेनल 2-1 नं पुढे, त्यात त्यांना पेनल्टी मिळाली. ती आमचा गोलरक्षक अँडी डिबलनं अडवली आणि मग आमच्या पोरांनी दोन गोल घालून 3-2 नं कप आणला. शेवटचा गोल ब्रायन स्टीनचा, अगदी शेवटच्या मिनिटाला. त्या दिवशीचा मफलर त्यांनी कपाटातून काढून दाखवला. लोकरीचे गोळे आलेत, एका टोकाला चहाचा डाग आहे, तो त्याच दिवशीचा म्हणे.

मग 1992. लुटन पहिल्या लीगमधून खाली घसरलं. पुढच्याच हंगामात सगळ्यांत वरची, पैशांनी भरलेली प्रीमियर लीग सुरू झाली. म्हणजे मेजवानीचं ताट वाढायला घेतलं आणि आमच्या माणसाला पंगतीतून उठवलं. तेव्हापासून क्लब त्या लीगमध्ये एक दिवसही खेळलेला नाही.

खरी गोष्ट 2008 ची. आधीच्या संचालकांनी खेळाडूंच्या व्यवहारात एजंटांना नियम मोडून पैसे दिले, म्हणून फुटबॉल असोसिएशननं 10 गुण कापले. दिवाळखोरीतून बाहेर येताना ज्यांचे पैसे देणं होते त्यांच्याशी रीतसर करार झाला नाही, म्हणून लीगनं आणखी 20. हंगामाची सुरुवातच उणे 30 वरून. पोरांनी मैदानात 56 गुण कमावले. हातात राहिले 26. सगळ्यांत तळाला, आणि लीगमधून बाहेर, वरून पाचव्या पायरीवर.

“ज्यांनी केलं ते निघून गेले,” आजोबा म्हणाले, “आणि भरलं आम्ही.” एवढं बोलून कप बशीत ठेवला तर तो वाजला. हात थरथरत होता.

मी विचारलं, मग तुम्ही जाणं सोडलं नाहीत? त्यांना प्रश्नच कळला नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “आई आजारी पडली म्हणून कोणी दुसरीकडे जेवायला जातं का?” हे त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, पण माझ्या डोक्यात मराठीतच उतरलं.

पाच वर्षं त्या पाचव्या पायरीवर काढली. 2011 मध्ये वर यायच्या दारात विम्बल्डननं पेनल्ट्यांवर हरवलं. 2012 मध्ये यॉर्कनं अंतिम सामन्यात. 2014 ला 101 गुण घेऊन एकदाचे सुटले, मग 2018 ला एक पायरी, 2019 ला आणखी एक. त्या पाचव्या पायरीवरचा एक जण अजून संघात आहे: पेली-रुडॉक म्पान्झू. तेव्हा आला तो इथलाच झाला.

क्लबचं बोधचिन्ह, रंग, नाव बदलायचं तर इथे चाहत्यांच्या ट्रस्टची परवानगी लागते. कोणी पैसेवाला उद्या आला तरी झेंडूचा तो केशरी रंग त्याला पुसता येणार नाही. हे ऐकून मला फार बरं वाटलं. तालमीचा रंग असा कोणी विकत घेऊन बदलला, तर आबा अन्न सोडतील.

1 एप्रिल 2023, शनिवार

रोजे चालू आहेत. आमच्या वस्तीत, बरी पार्कमध्ये, दुपारी खाण्याची दुकानं शांत असतात आणि संध्याकाळी रस्ताभर तळणीचा वास. आज त्या रस्त्यावरून वॉटफर्डवाले पिवळे मफलर घालून आले. दोन्हीकडे पोलीस, घोडेसुद्धा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या चाचांनी मला कोथिंबीर बांधून देताना विचारलं, “आज काय वाटतं?” मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, इन्शाल्ला.

रात्रपाळीहून आले होते तरी झोपले नाही. खिडकी किलकिली ठेवून पडून राहिले. पहिला आवाज उठला तेव्हा काच थरथरली. गेब्रिएल ओशो. दुसरा अॅलन कॅम्पबेल. 2-0. ऑक्टोबरातल्या चारची अर्धीच परतफेड म्हणावी, पण आजोबांना ती पुरली. सामना संपल्यावर जिन्यावर शेकडो पावलं वाजली आणि एकही गाणं नाही. असला सुंदर आवाज मी आयुष्यात थोडाच ऐकलाय.

16 मे 2023, मंगळवार

साधा हंगाम संपला. तिसरा क्रमांक, 80 गुण, 46 पैकी फक्त 8 सामने हरलो. पहिले दोन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड, थेट प्रीमियर लीगमध्ये गेले. उरलेल्या एका जागेसाठी चौघांत प्ले-ऑफ. त्यातल्या पहिल्या सामन्यात शनिवारी संडरलंडकडून 2-1 नं हरून आलो होतो. आज घरच्या मैदानात ओशो आणि लॉकियर, पूर्वार्धातच दोन, 2-0. दोन्ही सामने मिळून 3-2. लॉकियर कर्णधार, बचावफळीतला, आणि डोक्यानं गोल. लोक मैदानात धावले. मी ड्युटीवर होते. वॉर्डातल्या एका पेशंटनं कानात इअरफोन घालून मला कळवलं, आणि मी त्याचं ब्लडप्रेशर नंतर घेतलं, त्या क्षणी घेण्यात अर्थ नव्हता.

27 मे 2023, शनिवार. मध्यरात्र उलटून गेलीय

वेम्ब्ली. प्ले-ऑफचा अंतिम सामना, समोर कॉव्हेंट्री. पाच वर्षांपूर्वी हे दोन्ही क्लब चौथ्या पायरीवर होते, एकाच हंगामात तिथून सुटले. लोक म्हणत होते, हा सामना 17 कोटी पौंडांचा. आजोबांच्या खोलीत तो आकडा कोणी काढला नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना जाता आलं नाही, त्यांच्या तिकिटावर नातू गेला. मी सुट्टी मागून घेतली होती. आम्ही दोघं, टीव्ही, चाचांकडचे समोसे आणि खुर्चीच्या पाठीवर तो मफलर.

आठव्या-नवव्या मिनिटाला लॉकियर पडला. चेंडू लांब होता. कोणाचा धक्का नाही, पाय अडकला नाही. उभा माणूस पायातला जीव गेल्यासारखा खाली आला. मी उभी राहिले आणि आपला एक हात दुसऱ्या मनगटावर नाडी शोधतोय हे मला नंतर कळलं. आजोबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, टीव्हीकडे नाही. शुद्धीवर आहे, बोलतोय, असं दिसलं तेव्हा मी बसले. त्याला रुग्णालयात नेलं. सामना पुढे चालू झाला, पण पंधरा मिनिटं मला चेंडू दिसत नव्हता.

तेविसाव्या मिनिटाला जॉर्डन क्लार्कनं घातला. अॅडेबायोनं डावीकडून दोघांना अंगावर घेत चेंडू आत दिला होता. उत्तरार्धात हॅमरनं बरोबरी केली. जादा वेळेत, संपत आलं असताना, वीस वर्षांच्या जो टेलरनं चेंडू हिसकावून गोल घातला. आजोबांनी मला मिठी मारली. मग हाताला लागला म्हणून व्हिडिओ बघून रद्द. मिठी सोडवायला आम्हाला थोडा वेळ लागला.

पेनल्ट्या. आजोबा उठले. काठी घेतली आणि परसात गेले. “2011 मी डोळ्यांनी पाहिलंय,” एवढंच म्हणाले. त्या लोखंडी जिन्याच्या सावलीत पाठमोरे उभे राहिले. मी खिडकीशी थांबले. आमचा गोल झाला की काचेवर एकदा टकटक, त्यांचा झाला की दोनदा, असं ठरलं. एक, दोन. एक, दोन. पाच फेऱ्या अशा गेल्या, कोणीच चुकलं नाही. सहाव्याला डॅन पॉट्स आला. या पोराला लहान वयात रक्ताचा कर्करोग झाला होता, त्यातून उठून तो खेळतोय. एक टकटक.

मग कॉव्हेंट्रीचा फँकाटी डाबो. चेंडू बाहेर.

मला टकटक करायचं सुचलंच नाही. आजोबांना वाटलं असेल, काय झालं कोण जाणे. पण तेवढ्यात पलीकडच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, गल्लीच्या टोकापासून आवाज आला, आणि ते वळले. काठी खाली पडली होती. त्यांना उचलायला मी धावले तर ते रडत होते, अगदी लहान मुलासारखे, तोंड न झाकता. वरची लीग सुटून 31 वर्षं. त्यांची बायको यातली पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी बसायची, हे त्यांनी मला पहिल्यांदा आज सांगितलं.

लॉकियर बरा आहे. रुग्णालयातूनच शेवट पाहिला म्हणे. हे कळल्यावर मी समोसा खाल्ला.

कोल्हापुरात मध्यरात्र उलटली होती तरी आबा जागे होते. “म्पान्झूचं काय झालं?” त्यांनी आधी हेच विचारलं. तो पाचव्या पायरीपासून प्रीमियर लीगपर्यंत एकाच क्लबातून चढलेला पहिला खेळाडू, असं सांगितलं. आबा काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, “असा एक जण लागतोय बघ.”

29 मे 2023, सोमवार

बँक हॉलिडे. उघड्या बसवरून मिरवणूक निघाली, शेवट टाउन हॉलपुढच्या सेंट जॉर्जेस स्क्वेअरवर. बुरख्यातल्या बायका, केशरी टी-शर्ट घातलेली बाळं, गुरुद्वारातून आलेले दोन सरदारजी, आणि कठड्यावर बसलेले आजोबा. बस पुढून गेली तेव्हा त्यांनी मफलर हलवला नाही, दोन्ही हातांत नुसता उंच धरून ठेवला.

डाबोला काही लोकांनी वर्णावरून शिव्या दिल्या हे वाचलं. एक पेनल्टी चुकली त्या पोराची. या आनंदात हे एक आतवर बोचतंय.

ऑगस्टपासून मँचेस्टर सिटीचे, आर्सेनलचे, लिव्हरपूलचे लोक त्या फाटकातून येऊन माझ्या खिडकीसमोरून जिना चढणार. संध्याकाळी ऑगस्टच्या ड्युटीच्या पसंतीचा कागद भरायला घेतला. शुक्रवारच्या रात्रपाळ्या नकोत असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचलं नाही. मग लिहिलं, शनिवारी घरी पाहुणे असतात.