तुम्ही विचारलंत म्हणून: मुली गोल्फच्या सरावाच्या रेंजवर दिसतात, खेळाच्या कोर्सवर का दिसत नाहीत?

"गोल्फ श्रीमंतांचा खेळ, म्हणून मुली आणि तरुण पोरं तिकडे फिरकत नाहीत ना?" हे हमखास विचारलं जातं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली, तेव्हापासून तर जास्तच. पैसा लागतोच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण रेंजवर बास्केटभर बॉल मारायला शाळकरी मुली येतात, नोकरी करणाऱ्या बायका येतात, कॉलेजची पोरं येतात. चार-सहा महिने मन लावून शिकतात आणि कोर्सवर पहिला राउंड, म्हणजे 9 किंवा 18 होलचा अख्खा डाव, खेळायची वेळ आली की दिसेनाशी होतात. खरी गळती तिथे आहे.

तिची सुरुवात किटपासून होते. घरात बाबांचं किंवा नवऱ्याचं जुनं किट पडलेलं असतं, तेच हातात दिलं जातं. त्यातल्या क्लबच्या (बॉल मारायच्या काठीच्या) शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, 'आर' किंवा 'एस' लिहिलेलं असतं, म्हणजे रेग्युलर किंवा स्टिफ (कडक). बायकांसाठीच्या शाफ्टवर 'एल' असतं. तो हलका, लवचीक आणि साधारण एक इंचाने आखूड असतो, ग्रिप, म्हणजे धरायची मूठही बारीक असते. स्विंगचा वेग कमी आणि शाफ्ट कडक असला की बॉल उठत नाही, उजवीकडे जातो, मनगट दुखतं आणि शिकणारीला वाटतं आपल्यातच ताकद नाही. लहान मुलांना तर मोठ्यांचा क्लब वरून कापून देतात. कापलेला शाफ्ट आणखी कडक होतो आणि खालचं डोकं तेवढंच जड राहतं. आठ वर्षांचं पोर मग तो फिरवत नाही, अख्ख्या अंगाने ओढतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. मुलांचं किट वय बघून नाही, उंची मोजून घ्यायचं. नियमाने 14 क्लब चालतात म्हणून 14 घ्यायची गरजही नाही. एक हायब्रिड, 7 आणि 9 नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर, एवढ्या सहांत पहिलं वर्ष आरामात निघतं.

किट बरोबर असलं तरी पुढे अंतर आडवं येतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा अडथळा हाच. समजा, 380 यार्डांचं पार-फोर होल आहे, म्हणजे चार शॉटमध्ये संपवायचं. 220 यार्डांचा ड्राइव्ह (पहिला लांब शॉट) मारणारा पुरुष दुसऱ्या शॉटला ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर) पोचू शकतो. 130 यार्ड मारणाऱ्या नवशिक्या बाईचे तिन्ही शॉट उत्तम बसले तरच ती तिसऱ्याला कशीबशी तिथे पोचते. हे 18 वेळा होतं, वर मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा! यात तिच्या स्विंगचा दोष काहीच नाही, टी, म्हणजे पहिला शॉट मारायची जागा, चुकीच्या ठिकाणी आहे. अमेरिकेत 2011 मध्ये 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम सुरू झाली. तिच्या तक्त्याप्रमाणे 150 यार्ड ड्राइव्ह असेल तर 18 होलचा कोर्स 3500 ते 3700 यार्डांचा हवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सगळ्यात पुढची लाल टी धरली तरी कोर्स 5000 यार्डांच्या आसपास भरतो. यावर उपाय स्वस्त आहे. फेअरवेवरच (टी आणि ग्रीनमधल्या गवताच्या पट्ट्यावर) पुढे दोन मार्कर ठोकायचे, माती-सिमेंटचं काम नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं: त्या टीचं रेटिंग (तिथून कोर्स किती अवघड याचं अधिकृत मोजमाप) करून घेतलं नाही तर तिथले स्कोअर हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाच्या पातळीप्रमाणे मिळणाऱ्या शॉटच्या सवलतीसाठी, धरले जात नाहीत, आणि मग मुलगी स्पर्धेत उतरू शकत नाही. जागतिक हँडिकॅप पद्धतीत 2020 पासून सगळ्यांनाच 54 पर्यंत हँडिकॅप मिळतो आणि पहिल्यांदा त्यासाठी एकूण 54 होलचे स्कोअर लागतात. ते 9-9 होलचे असले तरी चालतात. हे बहुतेकींना कोणी सांगतच नाही.

मग वेळ. 'लेडीज डे' बहुधा आठवड्याच्या मधल्या सकाळी असतो. नोकरी करणारी बाई आणि शाळेतली मुलगी दोघीही तिथेच बाद. शनिवार-रविवारची सकाळ जुन्या सभासदांनी भरलेली असते. 18 होलला चार-साडेचार तास जातात, 9 होल दोन-सव्वादोन तासांत होतात. रविवारी तीनच्या सुमाराला पहिल्या टीवरून निघालं तर हिवाळ्यातही अंधाराआधी 9 होल संपतात. तेवढा स्लॉट नवशिक्यांसाठी राखून ठेवला तरी फरक पडेल.

सभासदत्वाचं दार तर फारच अरुंद आहे. यादीत नाव लागायला वर्षानुवर्षं जातात, नाव बहुधा पुरुषाचं असतं, बायको-मुलं त्याच्या कार्डावर खेळतात. ठरावीक वयानंतर मुलांची ती सवलतही संपते, आणि त्याआधी दहावी-बारावीने सराव मोडलेला असतोच. गरीब घरातल्या मुलांना आपल्याकडे एक मागचं दार होतं, ते म्हणजे कोर्सवरचं काम. दिल्लीचा अली शेर कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होता, 1991 मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकलं. गोल्फपटू एस. एस. पी. चौरासिया कोलकात्याच्या ग्रीनकीपरचा, म्हणजे कोर्सचं गवत राखणाऱ्याचा, मुलगा. मुलींना हे दार कधी उघडलंच नाही, कारण कॅडी म्हणून त्यांना फारसं कोणी घेतच नव्हतं. गोल्फपटू दीक्षा डागर सैन्यातल्या अधिकाऱ्याची मुलगी, घरात खेळ होता, कोर्स जवळ होता. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठी सिडकोचं खारघर किंवा दिल्लीतलं लाडो सरायचं सार्वजनिक कोर्स, अशी मोजकीच ठिकाणं आहेत. प्रत्येक मोठ्या शहराला असं एक हवं, 9 होलचं असलं तरी.

मुलीला कुठे घालायचं ते ठरवताना कोचची पदवी नंतर विचारा. आधी विचारा, भाड्याने 'एल' शाफ्टचं किट मिळतं का, पुढच्या टीला रेटिंग आहे का, सुट्टीच्या दिवशी नवशिक्यांना कोर्सवर सोडतात का, आणि क्लबहाउस सोडलं तर कोर्सवर बायकांसाठी टॉयलेट कितव्या होलजवळ आहे. शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. नवव्या होलवर राउंड सोडून परतणाऱ्या कितीतरी बायकांचं कारण तेवढंच असतं.