कूलर किती पाणी पितो?

विदर्भात पारा 45 च्या पुढं सरकला की मोबाईलवर ओंजळीत मावणारे ‘मिनी एसी’ दिसायला लागतात. जाहिरात ठरलेली. डबीतून पांढरी वाफ, बाजूला बर्फाचे खडे आणि पलंगावर गोधडी घेऊन झोपलेलं बाळ. गोधडी! आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर अंगातली बनियानही जड होते.

शेजारच्या काकूंना नातवानं हाच व्हिडिओ दाखवला. काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिला अन् एवढंच विचारलं, “पानी किती पेते रे हे?”

“अर्धा लिटर. आठ घंटे चालते, आजी.”

“आठ घंटे? आपला कूलर तं रातीतून चार बकेटा पेते!”

सगळी मेख त्या बकेटांतच आहे. कूलरच्या गवतातून पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. जितकं पाणी उडेल, तितकाच गारवा. ‘मिनी एसी’च्या डबीचंही तेच. एक लिटर पाणी उडालं की साधारण 0.65 युनिट विजेइतकी उष्णता जाते. अर्धा लिटर आठ तास पुरवायचं म्हटलं तर गारवा पडतो जेमतेम 40 वॅटचा. एक टनाचा खरा एसी 3,500 वॅट उष्णता बाहेर फेकतो. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातूनच शंभरेक वॅट निघतात, म्हणजे ही डबी एकट्या नातवालाही पुरायची नाही. आणि वर ‘पूर्ण खोली गार’!

‘विजेचं बिल अर्ध्यावर’ म्हणून जाहिरातीत विकतात तो प्लगही त्याच जातीचा. घरगुती बिल युनिटांवर निघतं. आत एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा बारका भाग) अन् मिणमिणता दिवा बसवून युनिटं कमी होत नाहीत.

व्हिडिओखाली लाल आकडे पळत होते, ‘ऑफर संपायला 9 मिनिटं’. पान बंद करून उघडलं की पुन्हा नऊ. असली खोटी घाई करायला 2023 पासून केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई आहे, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही करता येते. पण तक्रार करायची कोणाची? विक्रेत्याचा पत्ता नियमानं द्यावाच लागतो. इथं नुसता व्हॉट्सॲप नंबर. माझ्या मते तर तिथंच पान बंद करावं.

नातू मात्र हटेना. “पन आजी, याच्यात सात रंगाचे लाइट हायेत!”

“मंग पोयाले आन,” काकू म्हणाल्या, “बैलाच्या शिंगाले बांधू.”