रिमॅपची पॉवर: आकडा नेमका कुठला?

रिमॅपने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं (ईसीयूचं) सेटिंग बदलून, टर्बो डिझेलची पॉवर २०-२५ टक्के वाढू शकते, हे खरंच. भांडण आकड्याचं. डायनो, म्हणजे पॉवर मोजायचं रोलरवालं मशीन, चाकांवर मोजतो; ट्यूनर, म्हणजे रिमॅप करणारा, इंजिनाचा आकडा सांगतो. मधले १०-१५ टक्के गिअरबॉक्स नि अ‍ॅक्सल खातात. रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा रन (मोजणी) एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये घ्या. नुसता नंतरचा कागद म्हणजे लोणकढी थाप!

बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे तेवढ्याच बूस्टसाठी (इंजिनात दाबलेल्या हवेच्या दाबासाठी) टर्बोला जास्त फिरावं लागतं. समुद्रसपाटीवरच्या पणजीच्या गाडीची रिमॅप फाइल इथे जशीच्या तशी टाकू नका. बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात वरच्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही? रिमॅपने वाढलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) न पेलून क्लच घसरतोय. खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी करून घ्या.

पेट्रोल टर्बोत ९१ ऑक्टेनवर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) ताणलं, म्हणजे फार अलीकडे आणलं, की नॉक होतो (इंधन अवेळी भडकून ठोके पडतात), ईसीयू टायमिंग मागे घेतो, पॉवर गेली.